पहिल्या उड्डाणाला सी मोटर नको

प्रश्न थोडक्यात असा आहे: 'आम्ही डॅलसजवळ राहतो. दहा वर्षांच्या मुलीला वाढदिवसाला एस्टेस कंपनीचं अल्फा हे उडणाऱ्या रॉकेटचं किट आणि सोबत सी६-५ मोटरींचं, म्हणजे रॉकेट वर ढकलणाऱ्या नळ्यांचं, पाकीट भेट मिळालं. आत खरीखुरी स्फोटक दारू आहे म्हटल्यावर बायको धास्तावली आहे. घरी जमेल का? शाळेमागच्या फुटबॉलच्या मैदानावर उडवलं तर चालेल का? आणि दिवाळीत पुण्याला जाणार आहोत, तिथे भावंडांना दाखवायला सोबत नेता येईल का?'

मी इथे क्लबात बरीच वर्षं रॉकेटं उडवतो आहे. उडवायच्या दिवशी टेबलापाशी उभं राहून इतरांची रॉकेटं तपासायचं कामही माझ्याकडे असतं, त्यामुळे पहिल्यांदा आलेल्या आईवडिलांचे चेहरे ओळखीचे झालेत. आधी सरळ उत्तरं देतो. घरी नक्की जमेल. मैदान चालेल, पण त्या सी मोटरींसाठी नाही. पुण्याला रॉकेट न्या, मोटर मात्र एकही नेऊ नका.

आता बाईंच्या धास्तीबद्दल. ती अनाठायी नाही. १९५७ साली स्पुटनिक वर गेल्यावर अमेरिकेतली पोरं तळघरात आणि गॅरेजमध्ये लोखंडी नळीत काहीबाही रसायनं ठासून रॉकेटं करू लागली होती आणि त्यात बोटं, डोळे, प्रसंगी जीवही जात होते. त्यावरचा तोडगा थोडा आधीच निघाला होता. नेब्रास्कातल्या नॉरफोक गावात ऑरव्हिल कार्लाइल नावाचा बुटांचा दुकानदार होता, त्याला शोभेच्या दारूचा नाद. भाऊ रॉबर्टला विमानांच्या मॉडेलांचा. दोघांनी मिळून १९५४ मध्ये कागदी नळीचं, हलक्या लाकडाच्या पंखांचं आणि पॅराशूटवर खाली येणारं रॉकेट केलं. व्हाइट सँड्सच्या क्षेपणास्त्र तळावर काम करणाऱ्या जी. हॅरी स्टाइनचा रॉकेटांच्या धोक्यांवरचा लेख वाचून कार्लाइलने त्याला आपले नमुने पाठवले आणि तिथून हा छंद उभा राहिला. मोटरी भराभर आणि एकसारख्या बनवायच्या कशा, हा प्रश्न डेन्व्हरच्या व्हर्न एस्टेसने सोडवला. त्याने दाबाच्या हवेवर चालणारं यंत्र केलं, नाव ठेवलं मेबल. आज कोलोरॅडोतल्या पेनरोझमध्ये असलेली कंपनी त्यानेच सुरू केलेली.

हा इतिहास सांगायचं कारण एवढंच की या छंदाचा सगळा डोलारा एका नियमावर उभा आहे: दारू आपण हाताळायची नाही. मोटर कारखान्यातून बंद होऊन येते, एकदा जळते आणि कचऱ्यात जाते. रॉकेटच्या नाकाला, नळीला, पंखांना धातू वापरायचा नाही, फक्त कागद, लाकूड, प्लॅस्टिक. पेटवायचं ते विजेवर, लांबून. काडी किंवा वात कधीच नाही. हे पाळून लाखो मुलांनी रॉकेटं उडवली आहेत. बाईंना हवं तर एक जळून गेलेली मोटर उभी चिरून दाखवा, धास्ती बरीच कमी होईल.

त्या मोटरीत काय असतं ते कळलं की पुढचं सगळं सोपं होतं. १८ मिलिमीटर जाडीची, ७० मिलिमीटर लांबीची कागदाची जाड नळी. मागच्या टोकाला मातीचं घट्ट नळकांडं, त्याला बारीक भोक, हेच नोझल. त्यावर दाबून बसवलेली काळी दारू. सी६ मध्ये ती जेमतेम ११ ग्रॅम असते. तिच्यावर हळू जळणारा, धूर सोडणारा थर, त्याला डिले म्हणतात. आणि सगळ्यात वर सैल दारूची चिमूट, जी पेटली की पुढच्या बाजूला भसकन वायू सोडते आणि नाकाडासकट पॅराशूट बाहेर ढकलते. नावही तेच सांगतं. सी हे अक्षर एकूण जोराचं, ६ म्हणजे सरासरी सहा न्यूटन रेटा, ५ म्हणजे दारू संपल्यावर पाच सेकंदांनी पॅराशूट बाहेर. अक्षर एक पायरी वर गेलं की जोराची कमाल मर्यादा दुप्पट होते: ए मध्ये अडीच न्यूटन-सेकंद, बी मध्ये पाच, सी मध्ये दहा.

दिवाळीतल्या बाणाशी याची तुलना हटकून होते. बाणाला फक्त वर जायचं असतं, म्हणून एक काडी पुरते. या रॉकेटाला परत यायचं असतं, आणि किटातले निम्मे तुकडे त्या परत येण्यासाठीच असतात. नवशिक्यांचं लक्ष मात्र सगळं वर जाण्याकडे. टेबलावर रॉकेट हातात घेतलं की मी पंख शेवटी बघतो. आधी नाकाड ओढून पाहतो, मग आतली दोरी.

आता जुळणी. अल्फाचे पंख बाल्सा लाकडाचे आणि आधीच कापलेले येतात, तीनच आहेत. पुढे कधी एखादा मोडला आणि घरी नवा कापावा लागला तर लाकडाच्या रेषा पंखाच्या पुढच्या कडेला समांतर हव्यात. आडव्या ठेवल्यात तर पहिल्याच आपटण्यात पंख बिस्किटाच्या तुकड्यासारखा निघून येईल. नळीवर पंखांच्या खुणा करायला किटातली कागदी पट्टी गुंडाळायची. त्या खुणांपासून लांबच लांब सरळ रेघ मात्र पट्टीने ओढता येत नाही, गोल नळीवर पट्टी घसरते. त्यासाठी दाराची चौकट वापरा. चौकटीच्या आतल्या कोपऱ्यात नळी टेकवून धरली की लाकडाची कड आपोआप नळीला समांतर बसते, तिच्या आधाराने पेन्सिल ओढायची. मुलीला हे फार आवडेल.

चिकटवायला साधा पांढरा गोंद, आपल्या फेव्हिकॉलच्या जातीचा, तोच हवा. झटपट चिकटणारा सुपरग्लू लहान मुलांच्या हाती देऊ नका, आणि त्याची इथे गरजही नाही. पंखाच्या बुडाला आणि नळीवरच्या रेघेवर गोंदाचं पातळ बोट फिरवा, थोडा वाळू द्या, मग पुन्हा पंखाला गोंद लावून दाबा. असं दोनदा लावलं की पंख अर्ध्या मिनिटात धरतो. तिन्ही बसले की मागून नळीच्या तोंडातून बघा, वाकडा पंख लगेच दिसतो. दुसऱ्या दिवशी पंख आणि नळीच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी गोंदाची बारीक कड भरून बोटाने गुळगुळीत करायची. कागद-लाकडाचा असा जोड पुढे कधी सुटला तर गोंदातून सुटत नाही, कागदाचा पापुद्रा घेऊन निघतो.

आतली दोरी हा बहुतेकांचा दुर्लक्षिलेला भाग. नाकाड आणि नळी यांना जोडणारी ही लवचिक दोरी कागदाच्या घडीत अडकवून नळीच्या आत चिकटवतात. घडी तोंडापासून इतकी आत बसवा की नाकाडाचा खांदा तिला टेकणार नाही, आणि वरून गोंदाचा हात फिरवून ती सपाट करा, नाहीतर पॅराशूट तिथेच अडकतं. किटातली दोरी आखूड वाटली तर शिवणाच्या दुकानातलं इलॅस्टिक घ्या, रॉकेटच्या लांबीच्या दुप्पट-तिप्पट. आखूड दोरीने नाकाड झटक्यात परत येऊन नळीवर आदळतं.

नाकाडाची पकड कशी असावी? रॉकेट उलटं धरलं तर नाकाड आपल्या वजनाने पडू नये, पण हलकासा हिसका दिला की सुटावं. सैल असेल तर खांद्यावर कागदी टेपचा एखादा वेढा, घट्ट असेल तर पॉलिश पेपर. रंग पातळ द्या, कारण रंगालाही वजन असतं. हिरवा अजिबात नको, गवतात सापडत नाही. नारिंगी किंवा भडक गुलाबी उत्तम. रॉकेट ज्या उभ्या दांडीवरून सुटतं तिच्यावर सरकणारी छोटी नळी रंगाने बुजली नाही ना, ते तपासा.

अल्फा आखलेल्या मापात बांधलंत तर सरळच उडेल. पण मुलं स्वतःच्या कल्पना लढवतात, मोठे पंख, लांब नळी, मागे काहीतरी चिकटवलेलं. तेव्हा एक गोष्ट लक्षात असू द्या. रॉकेटचा गुरुत्वमध्य (जिथे त्याचा तोल साधतो) हा हवेच्या दाबाच्या मध्यबिंदूच्या (जिथे हवेचा एकूण रेटा लागतो) पुढे, म्हणजे नाकाकडे, निदान नळीच्या एका जाडीइतका असला पाहिजे. दाबाचा मध्य काढायची सोपी समीकरणं जेम्स बॅरोमनने १९६६ मध्ये याच छंदातल्या लोकांपुढे मांडली, आणि आज ओपनरॉकेट नावाचं मोफत सॉफ्टवेअर ती क्षणात सोडवून देतं. संगणक नको असेल तर मोटर आणि पॅराशूट भरलेलं रॉकेट दोरीने तोल साधेल तिथे बांधा आणि डोक्यावरून गोल फिरवा. नाक पुढे करून फिरलं तर ठीक. आडवंतिडवं फिरलं तर उडवू नका, नाकात थोडी चिकणमाती भरून पुन्हा बघा.

आता मैदान. नॅशनल असोसिएशन ऑफ रॉकेट्री ही संस्था १९५७ पासून आहे आणि तिची सुरक्षा संहिता सगळे क्लब पाळतात. तीत मोटरीप्रमाणे मैदान किती मोठं हवं ते दिलंय, आणि मोजायची असते ती आखूड बाजू: ए साठी १०० फूट, बी साठी २००, सी साठी ४००, डी साठी ५००. अमेरिकन फुटबॉलचं मैदान ३६० फूट लांब आणि १६० फूट रुंद. म्हणजे तुमच्या मैदानावर ए मोटर बसते, आजूबाजूला मोकळी जागा असेल तर बी, आणि सी कुठल्याच हिशेबाने बसत नाही.

हा कागदी नियम नाही, गणित करून बघा. अल्फाच्या खोक्यावर हजार फुटांचा आकडा असतो, तो सी मोटरचा. हजार फूट म्हणजे साधारण ३०० मीटर. बारा इंची पॅराशूटवर हे हलकं रॉकेट सेकंदाला साडेतीन मीटरच्या आसपास वेगाने उतरतं, म्हणजे खाली यायला जवळजवळ दीड मिनिट. झाडाची पानं हलवणारा, सेकंदाला चार मीटरचा वारा असला तरी तेवढ्यात ते साडेतीनशे मीटर वाहून जातं. म्हणजे तीन मैदानं ओलांडून कुणाच्या तरी छपरावर. मुलीने आठवडाभर रंगवलेलं रॉकेट पहिल्याच उड्डाणात गेलं की दुसरं किट बांधायचा उत्साह राहत नाही. दुकानदार सी मोटरी पुढे करतात, कारण खोक्यावरचा मोठा आकडा त्यांच्यावरच गाठता येतो. तुम्ही ए८-३ चं पाकीट आणा. त्यावर रॉकेट तीनशे फुटांच्या आसपास जातं, शेवटपर्यंत डोळ्यांना दिसतं, पॅराशूट उघडताना दिसतं. सगळी मजा त्यातच आहे.

ए मोटरवरही वाऱ्याच्या दिवशी ते शंभरेक मीटर सरकेलच. त्यासाठी पॅराशूटच्या मधोमध छापलेलं वर्तुळ कापून टाका, किंवा दोऱ्या निम्म्यावर टेपने एकत्र बांधा, म्हणजे ते पूर्ण फुलत नाही आणि लवकर उतरतं. उडवायची जागा वारा येतो त्या टोकाला ठेवा. दांडी वाऱ्याच्या दिशेने किंचित कलती ठेवता येते, पण उभ्यापासून ३० अंशांहून जास्त कधीच नाही. वारा ताशी २० मैलांच्या वर असेल तर घरी बसायचं. शाळेची परवानगी आधी घ्या. आणि तुमच्या टेक्सासात उन्हाळ्यात काउंटीने उघड्यावर जाळ करायला बंदी घातलेली असेल, किंवा गवत नुसतं वाळकं असेल, तरी तो दिवस सोडा. केंद्रीय हवाई नियमांची वेगळी परवानगी मात्र लागत नाही; १२५ ग्रॅमपर्यंत इंधन आणि दीड किलोपर्यंत वजन असेल तर विमानांना धोका होऊ न देणं एवढीच अट आहे.

उडवायच्या दिवशी पॅराशूट तिथेच जाऊन घाला. रात्रीच घडी करून ठेवलं तर प्लॅस्टिक चिकटून बसतं आणि वर गेल्यावर गुंडाळीच खाली येते. घडी करण्याआधी थोडी टाल्कम पावडर चोळा. त्याआधी नळीत आग न धरणाऱ्या कागदाचे तीन-चार चोळामोळा केलेले बोळे सैल सरकवायचे. बाथरूमचा टिश्यू पेपर वापरू नका, तो धुमसत खाली येतो आणि गवत पेटवतो. मोटर बसवण्याआधी मागून तोंडाने जोरात फुंकून बघा. नाकाड आणि पॅराशूट सुळकन बाहेर आलं पाहिजे. फुंकरीने येत नसेल तर दारूनेही नीट येईलच असं नाही.

मोटर पेटवणारी तार नोझलच्या भोकात थेट दारूला टेकेपर्यंत आत जायला हवी आणि वरून प्लॅस्टिकचं बूच घट्ट. बटण दाबून काही झालं नाही, तर बहुतेक वेळा तार टेकलेली नसते, किंवा तारेला वीज देणारे चिमटे काळे पडलेले असतात. पॉलिश पेपरने घासा, बॅटऱ्या नव्या घाला. पण आधी बटणाच्या डब्यातली सुरक्षेची किल्ली, जिच्याशिवाय बटण चालत नाही, ती काढून खिशात टाका आणि पूर्ण एक मिनिट रॉकेटाजवळ जाऊ नका. किल्ली एकच असावी आणि ती तार जोडणाऱ्याच्या खिशातच असावी. डी पर्यंतच्या मोटरींना १५ फूट लांब उभं राहायचं. दांडीचं टोक डोळ्याच्या उंचीवर येतं, वाकताना कुणाच्या डोळ्यात जाऊ नये म्हणून त्यावर टोपी ठेवा आणि उडवण्याआधी आठवणीने काढा. मोठ्याने पाचपासून उलटी गिनती करा. मुलांना ती लागतेच, पण तिचा खरा उपयोग आसपासच्या लोकांनी मान वर करावी हा आहे.

मोटरी गाडीत ठेवू नका, हे टेक्सासवाल्यांना मुद्दाम सांगतो. डॅलसच्या उन्हात गाडी तापते, रात्री निवते. असं होत राहिलं की दाबलेल्या दारूला तडा जातो किंवा ती कागदी नळीपासून सुटते. मग आग एकदम सगळीकडून लागते आणि मोटर दांडीवरच फुटते. घरात थंड, कोरड्या कपाटात त्या वर्षानुवर्षं टिकतात.

मुलीला नुसतं बटण देऊ नका, उंचीही मोजायला लावा. फुटबॉलच्या मैदानावर यार्डांच्या रेषा आखलेल्याच असतात. रॉकेट मध्यरेषेवर, ती गोल लाइनवर, म्हणजे अंतर ५० यार्ड, १५० फूट. कोनमापकाला मधोमध दोरा आणि दोऱ्याला नट बांधायचा, सरळ कडेवरून रॉकेट जिथे सर्वांत वर थबकेल तिथे नेम धरायचा. जमिनीपासून कोन ६३ अंश आला तर त्याचा टॅन १.९६, गुणिले १५० म्हणजे २९४ फूट, वर तिच्या डोळ्यांची उंची चारेक फूट. वारा असेल तर आकडा थोडा खोटा येईल, कारण रॉकेट वाऱ्यात तोंड घालून तिरपं जातं. वाऱ्याच्या आडव्या बाजूला उभं राहिलं की चूक कमी होते.

तुमच्याकडे असलेल्या सी मोटरी टाकू नका. डॅलस एरिया रॉकेट सोसायटीसारखे क्लब मोठ्या मोकळ्या रानात उडवायचे दिवस ठेवतात, तिथे घेऊन जा. तिथे पाहणी होते, दांड्या-बॅटऱ्या तयार असतात आणि शेजारी कुणीतरी अंड्याला तडा न जाऊ देता वर नेऊन आणायची धडपड करत असतं. शाळकरी संघांच्या राष्ट्रीय स्पर्धेत कच्ची अंडी असतात, त्याचा सराव.

राहिलं पुणं. रॉकेटच्या मोटरी विमानात न्यायला बंदी आहे, हातातल्या बॅगेतही आणि खाली दिलेल्या सामानातही. पेटवायच्या ताराही नकोत. भारतात ही मोटर १८८४ च्या स्फोटक कायद्याखाली येते, परवाने देणाऱ्या पेसो या खात्याचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे, आणि परवान्याशिवाय असली वस्तू बाहेरून आणणं म्हणजे विमानतळावरच अडकणं. रिकामं रॉकेट न्यायला काही अडचण नाही, पण त्याच्यात आधी जळलेली मोटर राहिली नाही ना ते बघा, दारूचा वास आणि अंश तपासणीत सापडतो. आणि तिथे गेल्यावर एखादा हुशार मामेभाऊ बाणातली किंवा भुईनळ्यातली दारू काढून मोटर करूया म्हणेल, त्याला तिथल्या तिथे नाही म्हणा. त्याच उद्योगापायी १९५७ ची पोरं जखमी होत होती.

त्याऐवजी पाण्याचं रॉकेट करा. कोल्ड्रिंकची दोन लिटरची बाटली, साध्या पाण्याची पातळ बाटली नाही. तिला पुठ्ठ्याचे तीन पंख आणि पुढे मऊ फोमचं नाक. एक तृतीयांश पाणी, बुचातून सायकलची व्हॉल्व्ह, लांब नळी आणि दाब दाखवणारा पंप. ५०-६० पीएसआयच्या वर जाऊ नका आणि दाब भरलेल्या बाटलीजवळ कुणी उभं राहू नये. सोसायटीच्या वाहनतळात नको, शाळेचं किंवा टेकडीखालचं मोकळं मैदान बघा, सकाळी वारा पडलेला असताना. दोन-चार वेळा भिजल्यावर भावंडं स्वतःच विचारतील की ही बाटली आपटण्याऐवजी हळू कशी आणता येईल. तेव्हा अल्फाचं पॅराशूट तिच्या बॅगेत असलं म्हणजे झालं.